पेरूची सहल : हॉटेलचे तारे नंतर बघा, आधी गावाची उंची विचारा

पत्र : "आम्ही सांगलीचे. मी 58 वर्षांची, यजमान 63 (बीपीची गोळी रोज, बाकी ठणठणीत), मुलगा 28. येत्या जूनमध्ये 18 दिवसांत दक्षिण अमेरिका करायची आहे. यादी अशी : लिमा, तिथून विमानाने कुस्को, दुसऱ्या दिवशी तो रंगीत पट्ट्यांचा इंद्रधनुषी डोंगर, मग माचू पिचू, टिटिकाका सरोवर, ला पाझ, उयुनीचं मिठाचं मैदान, इग्वासूचा धबधबा आणि शेवटी रिओ. कुस्कोत सान ब्लास भागात एक सुंदर खोली हेरून ठेवली आहे, गच्चीतून सगळं शहर दिसतं. बाकी गावांत राहायची जागा कशी निवडायची? आम्ही शाकाहारी आहोत. तिघांच्याही पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे. यादीतलं काय ठेवू, काय काढू?" — एक वाचक, सांगली

ताई, यादी वाचून पहिली गोष्ट केली ती म्हणजे प्रत्येक नावापुढे उंचीचा आकडा लिहिला. तुम्हीही वही घेऊन तेवढंच करा. सांगली साडेपाचशे मीटरवर. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर. कुस्को 3,400. पुनो, म्हणजे टिटिकाकाच्या काठचं गाव, 3,830. ला पाझचा विमानतळ चार हजारांच्याही वर. आणि इंद्रधनुषी डोंगर, ज्याचं नाव विनिकुंका, तो पाच हजारांच्या पुढे. ओळखीचं कुणी लेहला जाऊन आलं असेल तर त्यांना विचारा, पहिल्या रात्री डोकं कसं ठणकत होतं. कुस्को जवळजवळ त्याच उंचीवर आहे आणि तुमच्या आराखड्यात तिथे पोचल्यावर चोवीस तासांच्या आत आणखी सोळाशे मीटर चढायचं ठरलं आहे. बीपी असो नसो, हा बेत तिघांपैकी कुणासाठीच बरा नाही. मुलगा तरुण आहे म्हणून त्याला त्रास होणार नाही असंही समजू नका. विरळ हवा वय विचारत नाही, आणि व्यायामाची सवय असणारेच पहिल्या दिवशी जोरात चालून आडवे होतात.

डोंगरवैद्यकातला नियम साधा आहे. अडीच-तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार रात्रींनंतर एक रात्र त्याच उंचीवर काढायची. महत्त्व झोपायच्या जागेला आहे. दिवसा थोडं उंच जाऊन खाली परत आलात तर शरीराला सवयच होते. म्हणून या सहलीत मुक्कामाची गावं आधी ठरतात, बघायची ठिकाणं त्यांच्या मागून येतात.

आता काटछाट. इग्वासू आणि रिओ काढा. लिमाहून रिओला विमानाने पाच तासांच्या आसपास लागतात, ब्राझीलचा व्हिसा वेगळा, आणि त्या टोकाला जायचं तर जाण्यायेण्यात नि विमानतळांवर तीन दिवस सहज जातात. ला पाझ आणि उयुनीही या वेळी नको. बोलिव्हियाचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत, पण खरं कारण तेही नाही. उयुनीच्या तीन दिवसांच्या जीपसहलीत दुसरी रात्र बहुधा 4,200 मीटरच्या वर काढावी लागते. जूनमध्ये तिथे पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो, खोल्यांत हीटर असेलच असं नाही, आणि जवळचं मोठं रुग्णालय कित्येक तासांवर. शिवाय ज्या आरशासारख्या मैदानाचे फोटो तुम्ही पाहिले असतील ते पावसाळ्यातले, डिसेंबर ते मार्चमधले. जूनमध्ये मीठ कोरडं असतं, षटकोनी भेगांचं. तेही देखणं, पण ते वेगळं दृश्य. पुढे कधी गेलात तर उयुनीहून चिलीतल्या सान पेद्रो दे अताकामाकडे उतरत जा. सान पेद्रो 2,400 मीटरवर आहे, त्यामुळे शेवटची रात्र खाली येते. उलट दिशेने निघालात तर पहिल्याच दिवशी दोन हजार मीटरची उडी पडते.

उरला तो पेरू. अठरा दिवसांत हा एकच देश, आणि तोही दक्षिणेचा भागच. कमी वाटेल, पण तिथली अंतरं फसवी आहेत : लिमा ते आरेकिपा बसने पंधरा-सोळा तास, विमानाने दीड. भारतातून थेट विमान नाही. युरोपातून किंवा दुसऱ्या वाटेने गेलात तरी दीड दिवस जातोच, आणि घड्याळ साडेदहा तास मागे. येताना तेवढंच पुढे. म्हणजे हातात पंधरा रात्री.

त्या अशा वाटून द्या. लिमा 2, आरेकिपा 3, ओयांतायताम्बो 3, आग्वास कालिएन्तेस (माचू पिचूच्या पायथ्याचं गाव) 1, कुस्को 3, पुनो 2 आणि परतीआधी लिमा 1. झोपायच्या उंचीचा क्रम बघा : समुद्रसपाटी, मग 2,335, मग 2,790, मग खाली 2,040, मग 3,400, मग 3,830 आणि पुन्हा समुद्र. माचू पिचूहून कुस्कोला येताना एका रात्रीत तेराशे मीटरचा फरक पडतो, म्हणजे नियम तिथे मोडतोच. पण त्याआधी सात रात्री मधल्या उंचीवर गेलेल्या असतात आणि आजूबाजूला फिरताना साडेतीन हजारांची तोंडओळख झालेली असते, म्हणून तो फरक सोसवतो. हाच क्रम उलटा करून आधी कुस्को घेतलं तर गावं तीच, पण पहिले तीन दिवस अंथरुणात जाण्याची शक्यता.

लिमा. मिराफ्लोरेस भागात राहा. समुद्राकडच्या कड्यावरचा फिरायचा रस्ता, ज्याला मालेकोन म्हणतात, त्याच्या मागच्या गल्ल्या शांत आहेत. केनेडी पार्कच्या अगदी कडेला नको, रात्रभर संगीत चालतं. शेजारचा बार्रांको भाग देखणा आहे, पण तिथे बार अधिक. जुनं शहर दिवसा बघावं आणि संध्याकाळी परतावं. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जादा पैसे मोजू नका. जूनमध्ये लिमावर 'गारुआ' नावाचं धुकट ढगांचं छप्पर असतं, दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, आणि खिडकीतून राखाडी रंगच दिसेल. हवा पंधरा-अठरा अंश, पण दमट, त्यामुळे आत शिरणारी थंडी. स्वेटर सुटकेसच्या तळाशी ठेवू नका. विमानतळाबाबत एक सावधगिरी : जून 2025 मध्ये नवीन टर्मिनल सुरू झालं. जुन्या टर्मिनलला लागून असलेलं हॉटेल आता चालत जाण्याच्या अंतरावर राहिलेलं नाही, आणि जुन्या परीक्षणांत मात्र 'रस्ता ओलांडला की विमानतळ' असं लिहिलेलं सापडेल. विमानतळापासून मिराफ्लोरेस वीस किलोमीटरच्या आत आहे, पण गर्दीच्या वेळी दीड तासही लागतो. टॅक्सी इमारतीतल्या अधिकृत काउंटरवरून किंवा ॲपवरून घ्या. बाहेर "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत बॅगेला हात घालणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

आरेकिपा हे गाव बहुतेक सहलकंपन्या गाळतात, आणि तुमच्या सहलीत तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. ऊन भरपूर, कोरडी हवा, आणि उंची अशी की श्वास लागत नाही पण शरीर कामाला लागतं. घरं सियार नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाची. जाड भिंतींचे जुने वाडे आता हॉटेलं झाले आहेत, त्यात आतल्या चौकाकडची खोली मागा. रस्त्याकडच्या खोल्यांत पहाटेपासून गाड्यांचे हॉर्न. 1579 मध्ये स्थापन झालेला सांता कातालिना मठ बघायला निवांत तीन तास ठेवा. गावाच्या डोक्यावर मिस्ती ज्वालामुखी, 5,822 मीटरचा. इथून कोल्का दरीत गिधाडं, म्हणजे कोंडोर, बघायला पहाटे तीनला निघणारी एका दिवसाची सहल हॉटेलवाले हमखास गळ्यात मारतील. वाटेत 4,900 मीटरची खिंड लागते. यजमानांनी जाऊ नये, आणि मुलाने जायचंच असेल तर तिसऱ्या दिवशी जावं.

आरेकिपाहून कुस्कोला तासाभराचं थेट विमान आहे. उतरलात की कुस्कोत थांबू नका. आधी ठरवलेल्या गाडीने थेट 'पवित्र खोऱ्या'त, ओयांतायताम्बोला या. दोन तासांचा रस्ता, वाटेत चिंचेरोजवळ पावणेचार हजारांपर्यंत चढ आणि मग उतार. गाडीत डोकं जड झालं तर घाबरू नका, तासाभरात खाली आलेले असाल.

ओयांतायताम्बो निवडण्यामागे तीन कारणं आहेत. उंची 2,790, माचू पिचूची आगगाडी इथूनच सुटते, आणि इंका काळातली दगडी गल्ल्यांची मांडणी, कडेने वाहणाऱ्या पाण्याच्या पाटांसकट, आजही वापरात आहे. खोऱ्यातलं उरुबाम्बा गाव याच सुमाराच्या उंचीवर आहे आणि तिथली बागेतली मोठी हॉटेलं फोटोत अधिक छान दिसतात, पण तिथे जेवायला जायचं तरी गाडी लागते आणि पहाटेच्या गाडीसाठी अर्धा तास आधी निघावं लागतं. ओयांतायताम्बोत चौकापासून स्टेशनच्या वाटेवर, पण स्टेशनला चिकटून नसलेली जागा बघा. रुळांजवळच्या खोल्यांत पहाटेपासून इंजिनांचा आवाज येतो. जुन्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, बॅगा शंभर-दोनशे मीटर ओढाव्या लागतात, आणि गोट्यांच्या फरसबंदीवर चाकं चालत नाहीत. हॉटेलला आधी विचारा : गाडी दारापर्यंत येते का?

इथल्या तीन दिवसांत पहिला पूर्ण विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला किल्ला उघडतो तेव्हाच चढा. दोनशेवर पायऱ्या आहेत, आणि दहानंतर कुस्कोहून बसेस ओतायला लागतात. तिसऱ्या दिवशी मोराय आणि मारासची मिठागरं. मोराय म्हणजे वर्तुळाकार उतरत्या शेतांचं कोडं. मारासला डोंगराच्या कुशीत हजारो छोटे मिठाचे वाफे आहेत आणि गावातली कुटुंबं ते अजून पिकवतात. तिकिटांचं गणित इथेच समजून घ्या : ओयांतायताम्बो, मोराय, चिंचेरो, पिसाक, कुस्कोजवळचा साक्सायवामान किल्ला ही सगळी एकत्रित पर्यटक तिकिटात येतात. पूर्ण तिकीट परदेशी माणसाला 130 सोल्स (पेरूचं चलन) राहिलं आहे आणि ते दहा दिवस चालतं. तुमचे खोऱ्यातले नि कुस्कोचे दिवस मिळून त्यात बसतात. मारासचं तिकीट वेगळं, तिथेच रोख. कुस्कोतलं कोरिकांचा, म्हणजे इंकांचं सूर्यमंदिर, आणि मोठं चर्च हेही वेगळे.

माचू पिचूचं आरक्षण सगळ्यात आधी, विमानाच्या पाठोपाठ. क्रम असा : आधी प्रवेशिका, मग आगगाडी, मग बस, आणि त्यानंतर त्या रात्रीचं हॉटेल. उलट केलंत तर हॉटेल हातात आणि हव्या वेळेची प्रवेशिका संपलेली, असं होतं. प्रवेशिका सरकारी संकेतस्थळावर मिळते, त्यावर तारीख, तास आणि मार्ग छापलेला असतो आणि त्यातलं काहीही दारावर बदलत नाही. 2024 पासून तीन मार्ग, म्हणजे 'सर्किट', आहेत आणि त्यांचे पोटमार्ग मिळून दहा. पहिल्या मार्गावर वरच्या सज्जांवरून तो प्रसिद्ध फोटो मिळतो, पण खालच्या नगरात पाऊल पडत नाही. तिसरा खालून जातो, चढ कमी, पण वरचं दृश्य नाही. दुसऱ्यात दोन्ही आहे. तुम्ही दुसराच घ्या आणि सकाळी लवकरचा तास घ्या. यजमानांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांच्यासाठी तिसरा, पण मग तिघांची वाट आत वेगळी होईल हे धरून चाला. वायना पिचूचं शिखर म्हणजे तीव्र चढाच्या अरुंद दगडी पायऱ्या. ते मुलाने एकट्याने करावं, किंवा सोडावं.

प्रवेशिकेवरचं नाव नि पासपोर्ट क्रमांक मूळ पासपोर्टशी जुळवून बघतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनावाचा रकाना रिकामा, असे घोळ बरेच असतात. पासपोर्टवर ज्या रकान्यात जे आहे तेच, त्याच क्रमाने भरा. आरक्षणानंतर पासपोर्ट नवा केलात तर जुनाही बरोबर न्या. आत स्वच्छतागृह नाही, ते दाराबाहेर आहे, आणि मार्ग एकेरी असल्याने मागे फिरता येत नाही. मधुमेह-बीपीच्या गोळ्यांमुळे वारंवार जावं लागणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. सॅक 40 × 35 × 20 सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही. काठी वयस्करांना चालते, टोकाला रबर हवं.

त्या रात्री राहायचं गाव आग्वास कालिएन्तेस. तिथे मोटाररस्ता पोचत नाही, आगगाडीनेच जायचं, ओयांतायताम्बोहून पावणेदोन-दोन तास. गाडीत मोठ्या बॅगा घेत नाहीत. म्हणून सुटकेस ओयांतायताम्बोच्या हॉटेलात ठेवा (बहुतेक ठिकाणी फुकट ठेवतात, पावती मागून घ्या) आणि एका रात्रीपुरती पिशवी न्या. गाव दरीत कोंबलेलं, एका बाजूला नदी आणि दुसरीकडे रूळ. दोन्हींचा आवाज. नदीचा बरा. दर्जाची फार अपेक्षा ठेवू नका. नाश्ता पहाटे पाचला मिळतो का एवढंच बघा, कारण वर जाणाऱ्या बसेस साडेपाचच्या सुमाराला सुटू लागतात. बसचं तिकीट आदल्या संध्याकाळी काढून ठेवा, ये-जा 24 डॉलर. दुपारच्या गाडीने परत ओयांतायताम्बो, सुटकेस उचला, आधी ठरवलेल्या गाडीने कुस्को.

आता तुमची सान ब्लासची खोली. गच्चीतून शहर दिसतं, याचा अर्थच ती शहराच्या वर आहे. सान ब्लास म्हणजे चढण, पायऱ्या, आणि गाडी न पोचणाऱ्या गल्ल्या. 3,400 मीटरवर, रात्री नऊला, बॅगा घेऊन. सान ब्लास दिवसा बघायला जा, तिथली कारागिरांची दुकानं खरोखर पाहण्यासारखी आहेत, पण झोपायला कोरिकांचा ते आवेनिदा एल सोल या सपाट भागात या. मुख्य चौकापासून चालत दहा मिनिटं. चौकाच्या अगदी तोंडावर नको, खाली डिस्को असतात. 24 जूनला साक्सायवामानवर इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो. तुमच्या तारखा त्या आठवड्यात येत असतील तर खोली आजच घ्या, नाहीतर सहल आठवडाभर आधी सरकवा. भाडी चढतात आणि रस्ते बंद होतात.

खोली निवडताना तारे आणि गुणांक यांवर जाऊ नका, कारण डिसेंबरात राहून गेलेला माणूस आणि जूनमध्ये कुडकुडलेला माणूस तेवढेच गुण देतो. जून ते ऑगस्टमधली परीक्षणं वेगळी काढून त्यांत थंडी, हीटर, गोंगाट, जिने, गरम पाणी हे शब्द शोधा. कुस्कोत जूनच्या रात्री पारा शून्याजवळ येतो आणि बऱ्याच हॉटेलांत तापवण्याची मध्यवर्ती सोय नसते. 'कालेफाक्सिओन', म्हणजे तापवण्याची सोय, आहे का, ते खोलीत आहे की फक्त स्वागतकक्षात, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे तीन प्रश्न निरोप पाठवून विचारा. मजल्याचाही घोळ होतो. पेरूत 'प्रिमेर पिसो' म्हणजे आपला तळमजला, त्यामुळे 'तेर्सेर पिसो' म्हणजे आपला दुसरा मजला, आणि जुन्या वाड्यांना लिफ्ट नसते. खोलीच्या वर्णनात 'मात्रिमोनियाल' दिसलं तर तो विवाहमंडळाचा मामला नव्हे, एक मोठा पलंग. तिघांना 'त्रिपले' हवी, आणि त्यात तीन सुटे पलंग आहेत ना ते विचारा.

पैशाची एक बाजू बऱ्याच जणांना ठाऊक नसते. परदेशी पर्यटकाला, साठ दिवसांच्या आतल्या मुक्कामात, हॉटेलच्या भाड्यावरचा आयजीव्ही, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा कर, माफ आहे, आणि त्याचा सर्वसाधारण दर 18 टक्के. त्यासाठी हॉटेल पासपोर्ट नि प्रवेशाची नोंद तपासून प्रत ठेवतं. स्वस्त दिसणाऱ्या संकेतस्थळावर कर धरून भाडं लावलेलं असतं कधी कधी, म्हणून थेट हॉटेलला विचारून तुलना करा. डॉलर न्याल ते कोरे करकरीत न्या. कडेला बारीकशी चीर किंवा शाईचा ठिपका असला तरी नोट परत करतात. रुपये तिथे कुणी घेत नाही.

पुनोच्या दोन रात्री मात्र रद्द करता येणाऱ्या दरानेच घ्या. कुस्कोत तिसऱ्या सकाळी यजमानांना डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, असं काही असेल तर पुनो रद्द करून लिमाला परत. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. तब्येत चांगली असेल तर दिवसाच्या पर्यटक बसने जा. दहा तास लागतात, पण आंदाउआयलियासचं चर्च, राक्चीचे अवशेष आणि 4,300 मीटरवरची ला राया खिंड असे थांबे मिळतात. पुनोत गावातच, चौकाजवळ राहा. सरोवरावरची हॉटेलं काही किलोमीटर दूर आहेत आणि संध्याकाळी सहानंतर तिथे करण्यासारखं काही उरत नाही. उरोसची लव्हाळ्यांची तरंगती बेटं होडीने अर्ध्या तासाच्या आत येतात. ताकिले बेटावर धक्क्यापासून गावापर्यंतचा चढ चार हजारांच्या उंबरठ्यावर आहे, तो मुलासाठी ठेवा. परतीला हुलियाका विमानतळ, पुनोहून तासाभरावर. या भागात 'पारो', म्हणजे बंद, पुकारून रस्ते अडवण्याचे प्रकार होतात. लिमातली शेवटची रात्र त्यासाठीच मोकळी ठेवली आहे, ती वाचवायला जाऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकेचा व्हिसा पेरूत पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असेल तर भारतीयांना पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, ही सवलत 2017 पासून आहे. तिघांचेही व्हिसे कधी संपतात ते आज बघा. वाटेतल्या विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

पिवळ्या तापाची लस हा तुमच्या घरातला नाजूक प्रश्न आहे. तुमच्या मार्गावर या तापाचा धोका जवळपास नाही, पण या तापाच्या देशांची जी यादी भारताने केली आहे तीत पेरू आहे. प्रमाणपत्राशिवाय मुंबईत उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. मात्र साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती देत नाहीत. यजमानांना द्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवू द्या. नको ठरली तर परतीच्या वेळी काय होईल, हे मुंबईच्या विमानतळ आरोग्य कार्यालयाला आधी लेखी विचारा. सगळी आरक्षणं या उत्तरानंतर.

त्याच भेटीत डायमॉक्सचं, म्हणजे ॲसिटाझोलामाइडचं विचारा. प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर हेही त्याच जातीचं औषध आहे, दोन्ही एकत्र चालतील का हे विचारल्याशिवाय घेऊ नका. पहिले दोन दिवस दारू नको, झोपेची गोळी नको. आणि ही लक्षणं मुलाला पाठ करून ठेवायला सांगा : बसल्याजागी धाप, खोकला, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ. यांत वाट बघत बसायचं नसतं, रात्र असली तरी खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. हॉटेलात प्राणवायूची टाकी असते, तिने तास-दोन तास निभावतात. ती घेऊन बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी वर जाणं हा नेहमीचा घात. विमा काढताना चार हजार मीटरवरचे उपचार आणि तिथून हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे पॉलिसीत वाचा.

जेवणाचं फार अवघड नाही. फक्त "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढंच म्हटलंत तर ताटात कोंबडी येऊ शकते. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं तिन्ही म्हणा, आणि सूप कशात उकळलंय ते विचारा, कारण भाज्यांचं सूपही बहुधा कोंबडीच्या पाण्यात असतं. भरवशाचे पदार्थ : चीज-मिरचीच्या पिवळ्या रश्शातला बटाटा 'पापा आ ला वांकाइना' (वर उकडलेलं अंडं ठेवतात, ते नको म्हणा), कणीस नि चीज, आरेकिपाची 'सोल्तेरितो' कोशिंबीर. 'केसो एलादो' या नावात चीज असलं तरी ते दूध-नारळ-दालचिनीचं आइसक्रीम आहे. मसूर पेरूतही घरोघरी शिजतो, सोमवारी तर हमखास. फळवाल्याकडे आपला पेरू हवा असेल तर "ग्वायाबा" मागा.

स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन खिचडी करायचा विचार असेल तर कुस्कोच्या उंचीवर पाणी 88-89 अंशांनाच उकळतं. साध्या पातेल्यात तूरडाळ तासभर उकळूनही बोटचेपी होत नाही, आणि भात वरून शिजलेला, आत कणी. कुकर आहे का हे आधी विचारा, नाहीतर मुगाची डाळ नि पोहे यांवर भागवा. हा बेत आरेकिपापुरता ठेवलात तरी चालेल.

हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा समोर येईल. तिथे तो कायदेशीर आहे, एखादा कप घ्यायला हरकत नाही, नको असेल तर 'मुन्या' नावाच्या डोंगरी पुदिन्याचा मागा. पण त्या चहाच्या पुड्या, पानं किंवा कोकाच्या गोळ्या भेट म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात आणि वाटेतल्या बहुतेक विमानतळांवर तो अमली पदार्थच ठरतो, आणि पुडीवर 'चहा' लिहिलंय या सबबीचा तिथे उपयोग होत नाही. शेजाऱ्यांसाठी मारासचं मीठ आणा.